उजव्या बाजूचं फूल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. ज्यांनी मला घरात घेतलं, पुन्हा अक्षरं गिरवायला बसवलं, त्या अनसूयाबाईंनाही नाही. सांगायला तोंड उघडलं की मी भलतंच बोलायला लागते — नळाच्या पाण्याचं, मुलांच्या गॅदरिंगचं, उन्हाचं. सोलापुरात उन्हाचं बोलणं कधी संपत नाही, तेवढी एक सोय आहे.

तुम्ही माझ्या ओळखीचे नाही. म्हणून तुमच्याशी बोलता येईल असं वाटतंय. का तीही पळवाटच? — असेल. तरी सुरुवात करते.

माझं शिक्षण सहावीपर्यंत, आणि सहावीसुद्धा धड नाही. माळशिरसच्या पुढं आमची वाडी. घरी मेंढरं. दिवाळी झाली की मेंढरांमागं घर सोडायचं, शाळा मागं राहायची, आणि परत येईपर्यंत बाकीची पोरं पुढच्या धड्यावर गेलेली असायची. एका वर्षी मी परत गेलेच नाही शाळेत. कुणी विचारायलाही आलं नाही. आज मी सोलापुरात अनसूयाबाईंच्या क्लासमध्ये लहान मुलांना लोकनृत्य शिकवते. बाईंचं घर विणकरांच्या वस्तीत. त्यांच्या आई माझ्याशी तेलुगूत बोलतात, मी मराठीत उत्तर देते, आणि आमचं दोघींचं उत्तम चालतं. या घराचे माझ्यावर उपकार आहेत. ते फिटायचे नाहीत, आणि फिटावेत असंही मला वाटत नाही.

पण या घरात मी आले कशी? एका चित्रपटामुळं. लोक मला ओळखतात तेही त्यामुळंच.

नाव सांगत नाही. नाच-गाणं-नाटक शिकवणाऱ्या एका शाळेतल्या मुलामुलींचा चित्रपट होता तो. गाण्यांचाच म्हणा ना. शाळा म्हणून सोलापुरातल्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारातली इमारत रंगवून घेतली होती. त्यात एक कारकुनाचा मुलगा तबला वाजवतो, एक डॉक्टरांची मुलगी भरतनाट्यम करते. आणि एक धनगराची पोर असते, जिला कुणी काही शिकवलेलं नाही. प्रवेशाच्या दिवशी परीक्षक तिला विचारतात, तुला काय येतं? ती बाजाशिवाय, टाळीशिवाय, एक ओवी म्हणते —

कोकरू मागं ऱ्हायलं, माळावर हाक देतं
आईच्या आदी बाई, वारं ओ देतं

ती पोर मी. अजूनही एसटी स्टँडवर एखादी बाई थांबवते. ‘तुमीच ना त्या? म्हना की जरा.’ मी म्हणते, घसा बसलाय. इतकी वर्षं माझा घसा बसलेलाच आहे.

कारण तो आवाज माझा नाही.

हं. हे एक लिहून झालं. हातातलं पेन खाली ठेवून पाणी पिऊन आले. हे सगळ्यांत मोठं नाही, पण इथून आत शिरता येईल.

तो आवाज हिराचा आहे. हिरा माझी पाठची बहीण. ती ओवीही तिचीच, तिनंच रचलेली. पावसाळ्यात एक कोकरू चुकलं होतं, दिवसभर शोधून ती रिकाम्या हातांनी परत आली आणि चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली ती. कुणी तिला ‘वा’ म्हटलं नाही. आमच्यात ओवीला कोण वा म्हणतं?

चित्रपटवाले आमच्या वाडीवर आले ते दसऱ्याच्या आधी. मेंढरं कातरायचं काम चाललं होतं. दिग्दर्शक बाई होत्या, सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. बरोबर आवाज टिपणारा एक माणूस होता. त्याच्या काठीच्या टोकाला केसाळ टोपी घातलेला माईक. ते बघून आमचे थोरले चुलते, अण्णा, म्हणाले, ‘आरं, हे तर आमच्याच मेंढराचं शेपूट तोडून आनलंय की! दावा त्याला परत.’ सगळे हसले. मॅडमही हसल्या. मग त्यांनी विचारलं, ओव्या कोण म्हणतं?

आम्ही दोघींनी म्हटल्या. आधी मी, मग हिरा. हिराची झाल्यावर त्या आवाजवाल्यानं कानावरचं यंत्र काढलंच नाही. तसाच बसून राहिला. मॅडमनी हिराची हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडं वळवला. म्हणाल्या, ‘हीच.’ मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, ‘तूही छान म्हणतेस हं.’

तूही.

त्या शब्दाला मी आता दोष देणार नाही. त्या बाईंनी मनानं चांगलंच म्हटलं होतं.

हिरा सोलापूरला जाणार, तिथं गाणं शिकणार, नाच शिकणार, कुणाच्या तरी घरी पलंगावर झोपणार. मी थोरली असून मेंढरांमागं. हे मला सोसलं नाही. एवढंच कारण. याहून मोठं शोधून बघितलं मी, सापडलं नाही.

दादा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, ‘पोरीला परगावी धाडायचं म्हंजी देवाला इचाराय पायजे.’ त्यात नवल काही नव्हतं. विहीर खणायची असो, सोयरीक जोडायची असो, मेंढरं कुठल्या वाटेनं न्यायची असोत, आमच्यात बिरोबाला कौल लावल्याशिवाय पाऊल पुढं पडत नाही. तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. आमचा देव म्हणजे मूर्ती नाही, शेंदूर-भंडाऱ्यानं माखलेला उभा दगड. त्याला दोन फुलं पाण्यात भिजवून चिकटवायची, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. मनातलं विचारायचं आणि गप्प बसून राहायचं. उजवं आधी पडलं तर देव हो म्हणाला. डावं पडलं तर नाही म्हणाला. मग त्यावर कुणी बोलायचं नाही. बापानं नाही, आईनं नाही, मॅडमनी तर नाहीच.

फुलं लावायचा मान अण्णांचा. पण अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आलेला. मग घरातली एक पोर शेजारी बसून फुलं भिजवून त्यांच्या हातात द्यायची. ‘हे उजवं, अण्णा.’ ‘हे डावं.’ ते काम माझं होतं.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या तोंडानं वदवून घेऊ नका असं म्हणावंसं वाटतं, पण मग हे लिहायला बसले कशाला?

वाडीच्या कडेला बाभळी होत्या. त्यांचा डिंक आम्ही बहिणी लहानपणापासून काढून चघळायचो. त्या दिवशी पहाटे मी तो काढला, ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ केला आणि ओच्यात ठेवला. अण्णांच्या हातात उजवं फूल दिलं ते डिंक लावून. डावं दिलं नुसतं पाण्याचं.

सगळे बसले होते. दादा, आई, मॅडम, आवाजवाला. हिरा माझ्या समोर हात जोडून. ती डोळे मिटून नव्हती बसली, फुलाकडं बघत होती. उन्हं जरा वर आली, दगड तापला, आणि डावं फूल पडलं.

मॅडमनी दादांना समजावून बघितलं. दादा म्हणाले, ‘बाई, तुमी आमच्या घरच्या भाकरी खाल्ल्या, तुमचा मान हाय. पर देवाच्या म्होरं आमी कोन?’ मग मॅडम खूप वेळ बाहेर फोनवर बोलत फिरत राहिल्या. आत आल्या आणि म्हणाल्या, थोरलीसाठी विचारून बघाल का?

दुसरा कौल तिथंच लागला, हिराचं न पडलेलं फूल तसंच ठेवून त्याच्या खाली नवी फुलं लावली. या खेपेला डिंक डाव्या फुलाला.

एक गोष्ट मी स्वतःशीसुद्धा बरीच वर्षं कबूल केली नव्हती — फडक्यात डिंक मी दोन्ही वेळांना पुरेल इतका आणला होता. दुसऱ्यांदा विचारतील हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मग?

उजवं फूल पडलं. माझ्यासाठी देव हो म्हणाला. आईनं माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

हिराचं फूल मात्र तसंच चिकटून राहिलं होतं. दुपारी ती मला हाताला धरून देवापाशी घेऊन गेली. म्हणाली, ‘अक्का, बघ की. देवानं माझं फूल कसं धरून ठिवलंय. सोडीचना. त्याला मी हितंच पायजे व्हते.’ तिच्या तोंडावर दुःख नव्हतं हो. ते असतं तर बरं झालं असतं. आपण देवाला हव्या आहोत असा एक उजेड होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे देवाला आंघोळ घालताना मी चिकटलेली दोन्ही फुलं, तिचं उजवं आणि माझं डावं, नखानं खरवडून काढली. डाग राहिले. त्यावर भंडारा लिंपला.

मला वाटलं होतं, देव काहीतरी करेल. ताप येईल, वाट चुकेन, जीभ झडेल. देवानं काहीच केलं नाही. मी सोलापूरला आले. अनसूयाबाईंच्या हवाली केलं मला मॅडमनी. चित्रपटातल्या सगळ्या मुलांना नाच बाईच शिकवत होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या टाचांच्या भेगा बघितल्या आणि नाच राहू दे म्हणून आधी कोमट पाण्याची बादली आणली. ज्या बादलीत हिराचे पाय असायला हवे होते, त्यात माझे होते. मी रडले तर बाईंना वाटलं, घरची आठवण येतेय.

मग आवाजाचं झालं. चित्रपटात गाणं आधी टिपून घेतात. चित्रीकरणाला ते मोठ्या कर्ण्यांवर लावतात आणि आपण नुसते ओठ हलवायचे. गाणं टिपायला मला काचेच्या खोलीत उभं केलं की माझा सूर सुटायचा. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. शेवटी संगीतकारांनी वाडीवर टिपलेलं ते जुनं काढून ऐकलं. म्हणाले, ‘अरे, हे असताना आपण काय करतोय? हा आवाज कुणाचा?’

वाडीवरचा तो आवाजवाला तेव्हा काम सोडून गेलेला होता. मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, ‘माझाच. तवाचा. आता पानी बदललंय.’

मॅडमनी जरा जास्त वेळ बघितलं. ओळखलं असेल का त्यांनी? त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोघींनाही ते सोयीचं होतं, असं मी म्हणू शकते — पण त्यांचं त्यांच्यापाशी. मी माझं सांगतेय.

मग तो प्रसंग चित्रित झाला. परीक्षकांपुढं मी उभी, आणि कर्ण्यांतून हिरा. इतक्या मोठ्यानं हिराचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. गिरणीच्या भिंतींवर आपटून तो परत येत होता. कोकरू मागं ऱ्हायलं. माझे ओठ हलत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. कॅमेरा बंद झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, पोरगी खरी रडते, हिला अभिनय शिकवायची गरजच नाही. आजही लोक त्या रडण्याचंच कौतुक करतात. मी ते कौतुक घेते. ‘धन्यवाद’ म्हणते.

चित्रपट घरी पोचला तेव्हा चुलतभावाच्या मोबाइलवर सगळ्यांनी मिळून बघितला. मी सुट्टीला गेले होते, मीही होते तिथं. ओवी लागली आणि हिरा खुदकन हसली. ‘अक्का, तुजा आवाज माझ्यागत लागतोय की गं!’ आई म्हणाली, ‘भनी-भनी हायत, लागनारच.’ हिरा म्हणाली, ‘न्हाय, लई ग्वाड लागतोय. माजा असा कुटं हाय?’

तिथं सांगता आलं असतं. तिथं तर कौलाचं काढायचीही गरज नव्हती. एवढंच म्हणायचं होतं — अगं, तूच आहेस ती.

मी हसले. मी तिच्याबरोबर हसले.

हिरानं नंतर गाणं सोडलं. भांडून नाही, रुसून नाही. लग्नात हळदीला बायका म्हणायच्या, हिरे म्हण, तर ती म्हणायची, ‘देवाला नगं हाय ते.’ जात्यावर, पाळण्यापाशी, मेंढरांमागं — कुठंच नाही. तिची मुलगी गौरी ओव्या म्हणते, पण त्या तिनं आईकडून घेतल्या नाहीत. मोबाइलवर तो चित्रपट लावून, पुन्हा पुन्हा ऐकून शिकली. आपल्या आईचा आवाज ती पोर मावशीच्या तोंडातून शिकली. ‘मावशीसारखं म्हणायचंय मला,’ म्हणते.

आता गेल्या महिन्याचं.

गौरीनं एक ओवी म्हणून मला फोनवर पाठवली. अनसूयाबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ती ऐकली आणि मराठी-तेलुगू सगळं एकत्र झालं त्यांचं. ‘ए सुलोचना, तीसुकुरा तिला! आण म्हणते ना! इथं राहू दे, शाळेत घालू, गाणं शिकू दे.’ मी हिराला फोन केला. हिराच्या नवऱ्याची ना नव्हती. गौरीनं तर मागं आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतलं. हिरा म्हणाली, ‘माजं काय न्हाय गं अक्का. पर देवाला इचारल्याबिगर कशी धाडू? आनि फुलं तूच दे. तुज्या येळंला देव कसा पटकन बोलला व्हता.’

गेले. हिरा नवऱ्याला नि गौरीला घेऊन वाडीवर आली होती. अण्णा आता नाहीत, त्यांचा मुलगा पूजा करतो. बसमध्ये सगळ्या वाटेनं मी एकच ठरवत होते — या वेळी खोटं करायचं नाही. देवापुढं पुन्हा तसलं पाप नाही. किती बरं वाटत होतं मला त्या विचारानं! स्वच्छ हातांनी फुलं भिजवायची, दोन्ही सारखी, नुसत्या पाण्यात. जसं काही तेवढ्यानं माझं मागचं धुऊन निघणार होतं.

गौरी वेणीला तेल लावून, नवा ड्रेस घालून बसली होती. पिशवी तिनं आदल्या दिवशीच भरून ठेवलेली.

डावं फूल पडलं.

ते देवानं पाडलं की वाऱ्यानं, की माझ्या हातून त्याला पाणी कमी लागलं — मला माहीत नाही. ओळखायचा माझा अधिकार मीच घालवलाय. मी बघत होते गौरीकडं. ती रडली नाही. आईकडं बघितलं तिनं. हिरानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे बाय. देवाला तू हितं पायजेस. मला बी असंच सांगितलं व्हतं त्यानं. काय वाईट झालं माजं?’

ओले हात घेऊन मी तिथं उभी होते. पोरगी जायची तर एकच रस्ता होता. मी एवढंच बोलायचं होतं, की या दगडावर मी एकदा डिंक लावलाय. मग त्या कौलाचं वजनच उरलं नसतं. त्या दिवशीच्याही नाही, आजच्याही नाही. माझं जे व्हायचं ते झालं असतं, पण गौरीची पिशवी उचलली गेली असती. सगळे तिथंच होते. भाऊजी होते, चुलतभाऊ होता, म्हातारी आई पायरीवर बसली होती. सगळे माझ्याकडं बघत होते, कारण मी शहरातून आलेली, मी काहीतरी समजुतीचं बोलेन म्हणून.

मी म्हणाले, ‘देवाची मर्जी.’

हे सांगायचं होतं मला. डिंकाचं नव्हे. डिंक लावला तेव्हा मी पोर होते असं म्हणून कुणी मला सोडूनही देईल. पण गेल्या महिन्यात मी पोर नव्हते. मला सगळं कळत होतं, पोरीचं काय जातंय ते दिसत होतं, आणि तरी मी माझा चित्रपट, माझा क्लास, आईनं मोडलेली ती बोटं, हेच सांभाळलं. त्यातलं काहीच माझं नव्हतं.

अनसूयाबाईंना येऊन सांगितलं, घरचे नको म्हणतात. बाई म्हणाल्या, ‘अय्यो, पापम्!’ तेलुगूत त्याचा अर्थ ‘बिचारी’ असा होतो, हे मला माहीत आहे. तरी मी खाली बघितलं.

हिराला वाचता येत नाही. गौरीला येतं. गावातली कुणाचीही पत्रिका, कुठलाही कागद हिरा तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेते, दारात बसून. हे छापून आलं की अंक मी गौरीच्या नावानं पाठवणार आहे. ती वाचेल, हिरा ऐकेल. मी तिथं नसेन. समोर उभं राहून सांगायची वेळ होती, ती मी घालवली.

हिरा, कौल खोटे होते. तुझाही आणि माझाही. चित्रपटातला आवाज तुझा आहे. देव तुला कधीच नाही म्हणाला नव्हता. मी म्हणाले होते.